मूठ

पहाटे पाचला माझे हात माझे नसतात.
रात्री कुणीतरी ते मागून नेतं
आणि उजाडताना परत आणून ठेवतं,
शेजारी नेलेल्या पातेल्यासारखे,
जागोजागी पोचे आलेले.

पांघरूण कोपरानं सारते.
उशीपाशी फोन, तो नाकानं उघडते.
नात हसते. हसू दे.
टाइप करायला बोटं कुठून आणू?
म्हणून आम्ही बोलूनच पाठवतो,
अकरा जणी, अकरा आखडलेले आवाज.
देवाचा फोटो नाही, गुलाब नाही, शुभ सकाळ नाही.
एकच विचारणा :
मूठ मिटली का गं?

कुचन नगरातून नरसम्मा, मागं मागाची खटखट :
"साडेसहा. अर्धीच."
नई जिंदगीतून ताहेराबी :
"अजून नाही. महानंदा, चहा कपात घेऊ नको,
वाटीत घे, दोन्ही तळव्यांत धर, तेवढाच शेक."
आणि कोंडेबाई, चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलेल्या :
"सात वाजून दहा. लिहून ठेवा सगळ्यांनी."

तीन महिन्यांनी डॉक्टर विचारायचे, कसं आहे,
मी म्हणायची, आहे तसंच.
आता कॅलेंडर पुढे करते.
ते चष्मा काढून वाचतात.

हजार विड्या वळायची मी दिवसाला,
पान, जर्दा, दुमड, दोरा,
बोलता बोलता, न बघता.
आता तीनशे. त्यातल्या चाळीस छाटात जातात.
कारखान्यातला माणूस म्हणतो, मावशी, हात बसलाय तुमचा.
बसलाय खरा. उठतच नाही.

पाणी चार दिवसांआड येतं.
नळाच्या चावीला चिंधी गुंडाळायची, हे ताहेराबीचं.
घागर उचलायचीच नाही,
तांब्यातांब्यानंही रांजण भरतो, हे नरसम्माचं.
सांधे मोकळे करणारं तेल विकायला आला एक जण,
कोंडेबाईंनी बाटली उलटसुलट केली :
यात काय आहे ते कुठं लिहिलंय?
तो पायऱ्या उतरून गेला.

पिवळी गोळी आठवड्यातून एकदाच.
इरव्वानं ती सहा दिवस रोज घेतली,
जास्त घेतली तर लवकर बरं वाटेल म्हणून.
तोंडभर फोड, घशाखाली पाणी उतरेना,
सिव्हिलात अकरा दिवस.
तेव्हापासून गुरुवारी सगळ्याजणी म्हणतो : आज.
आणि शुक्रवारी सगळ्याजणी : आज नाही.
शुक्रवारचं जास्त मोठ्यानं.

गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, बोचरी थंडी,
आणि नरसम्मा गप्प.
एक दिवस. दोन. तीन.
चौथ्या दिवशी आम्ही तिघी रिक्षात.
कोंडेबाईंनी वाटेत एक शब्द काढला नाही.
ताहेराबी ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होती.

बोळात शिरलो तर मागांच्या आवाजातून
दुसराच एक आवाज :
थप. थप. थप.
दार उघडं. चुलीपुढं नरसम्मा,
दोन्ही हात पिठानं पांढरे,
परातीत चंद्राएवढी भाकरी फिरतेय.

आम्हाला बघून ती ओशाळली,
चोरी करताना सापडल्यासारखी.
"मिटतेय गं मूठ. चार दिवस झाले.
तुमच्या मिटत नाहीत,
मी कुठल्या तोंडानं सांगू?"

कोंडेबाई कडाडल्या : "हेही लिहायचं असतं!"
आणि पदरानं नाक पुसलं.

कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेल.
आमच्यानं ती भाकरी मोडेना.
नरसम्मानं मोडून दिली,
कट् कट् करून, तिघींच्या ताटांत,
आणि तिचं मोडणं आम्ही बघत राहिलो.

पुढच्या आठवड्यात गारठा वाढला.
सव्वासातला तिचा आवाज :
"आज पावच."
कोंडेबाई म्हणाल्या, लिहिलं.
ताहेराबीनं वाटीतल्या चहाची आठवण दिली.

आणि मला,
चुकले असेन तर सिद्धरामेश्वर बघून घेईल,
जरासं हायसं वाटलं.
हे मात्र मी कॅलेंडरवर लिहिलं नाही.